‘मोकळी जमीन’ म्हणजे कोणती? गिरणगावच्या एका अटीवरून समजून घ्या, कोडमधलं ‘जर-तर’ स्पष्ट का लिहायचं

परळ, लालबाग, दादर या भागातल्या कापड गिरण्यांच्या जमिनीचं काय करायचं, हा प्रश्न काही वर्षं दोन शब्दांवर अडकला होता. ते शब्द म्हणजे ‘मोकळी जमीन’. नियमात अट होती, पण तिचे दोन अर्थ निघत होते. अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. त्यांचं निम्मं काम अटी लिहिण्याचंच असतं. ‘जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर.’ प्रोग्रामिंगच्या भाषेत याला ‘इफ-एल्स’ म्हणतात. फरक इतकाच की, कायद्यातल्या अटीचे दोन अर्थ निघाले तर वाद होतो, सुनावणी होते. कोडमधल्या अटीचा कॉम्प्युटर एकच अर्थ घेतो आणि कोणालाही न विचारता पुढे जातो. तो अर्थ लिहिणाऱ्याच्या मनातला नसला, तरी निकाल लागलेला असतो.

म्हणूनच अटी कशा लिहायच्या याचे काही संकेत जगभरातल्या प्रोग्रामर्सनी ठरवले आहेत. ते काय आहेत आणि का आहेत, ते गिरणगावच्याच उदाहरणांवरून पाहूया.

आधी मूळ प्रकरण काय होतं?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत यासाठी ‘नियम ५८’ आला. ढोबळमानाने त्याचा अर्थ असा होता की, गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करायचा तर जमिनीचे तीन वाटे होतील. एक महापालिकेला मैदानं-उद्यानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला.

२००१ मध्ये या नियमात बदल झाला. त्यानंतर वाटणीसाठी ‘मोकळी जमीन’ आणि शिल्लक चटई क्षेत्र इतकंच धरलं जाईल, अशी तरतूद आली. इथेच प्रश्न निर्माण झाला. आज गिरणीची शेड उभी आहे आणि उद्या ती पाडली, तर तिच्याखालची जमीन ‘मोकळी’ झाली की नाही?

राज्य सरकारने २००३ मध्ये स्पष्टीकरण दिलं की, पाडकामानंतर रिकामी होणारी जमीन यात धरायची नाही. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही वाटणीत येते, असा अर्थ लावला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सरकारने लावलेला अर्थ कायम ठेवला.

दोन अर्थांमध्ये किती अंतर होतं? हिशोबासाठी एक काल्पनिक गिरणी घेऊ. एकूण जमीन ६०,००० चौरस मीटर. त्यातल्या ४५,००० वर शेड आणि इमारती, १५,००० आधीपासून रिकामी. महापालिकेचा वाटा ३३ टक्के. पहिल्या अर्थाने शहराला १९,८०० चौरस मीटर मिळतात. दुसऱ्या अर्थाने ४,९५०. जमीन तीच, टक्केवारी तीच. बदलला तो फक्त एका शब्दाचा अर्थ.

संकेत पहिला : नाव असं द्या की दुसरा अर्थ निघू नये

हाच नियम कोडमध्ये लिहायचा झाला तर नवखा प्रोग्रामर असं लिहील (इथले सगळे नमुने समजायला सोपे जावेत म्हणून मराठीत लिहिले आहेत):

जर जमीन_मोकळी_आहे
    वाटणी_कर()

हे वाचायला छान वाटतं, पण नियमातला गोंधळ जसाच्या तसा कोडमध्ये आला आहे. ‘मोकळी’ कधी? आज, की पाडकामानंतर? त्याऐवजी नावातच उत्तर दिलं तर?

जर पाडकामाआधीच_रिकामी_होती

नाव लांबलं, पण वाचणाऱ्याला आता कोणाला विचारावं लागत नाही. आणि जर नियम ठरवणाऱ्यांच्या मनात दुसरा अर्थ असेल, तर हे नाव वाचताच ते म्हणतील, ‘नाही, असं नव्हतं म्हणायचं.’ चूक तिथेच पकडली जाते.

नावाचं महत्त्व दुसऱ्या उदाहरणात आणखी ठळक दिसतं. म्हाडाने २०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. या घरांच्या पात्रतेत १ जानेवारी १९८२ ही तारीख महत्त्वाची आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर नाव असणं ही अट. म्हणजे संप सुरू होण्याच्या अवघे १७ दिवस आधीची तारीख.

आता समजा, अर्ज तपासणारा एखादा प्रोग्राम कोणीतरी असा लिहिला:

जर तारीख >= १ जानेवारी १९८२
    पात्र

कोणती तारीख? कामगार गिरणीत रुजू झाला ती, की हजेरीपटावर शेवटची नोंद झाली ती? १९६५ मध्ये साचा खात्यात लागलेला आणि संपाच्या दिवशीही पटावर असलेला कामगार नियमानुसार पात्र आहे. पण ‘तारीख’ या नावाखाली चुकून रुजू होण्याची तारीख आली, तर तोच माणूस अपात्र ठरेल. त्याच्यासारखे जुने कामगार सगळेच बाहेर जातील. प्रोग्राम मात्र कुठेही अडखळणार नाही, कुठलीही त्रुटी दाखवणार नाही. ‘हजेरीपटावरची_शेवटची_तारीख’ असं पूर्ण नाव दिलं असतं, तर हा घोटाळा व्हायची शक्यताच कमी होती.

संकेत दुसरा : सीमारेषेवर काय होतं ते लिहा

अटींमधल्या चुका बहुतेक वेळा मधे नाही, कडेला होतात. ‘पाचपर्यंत’ म्हटलं तर पाच त्यात धरायचे की नाही?

नियम ५८ मध्ये जमिनीच्या आकारानुसार वाटणीचं कोष्टक होतं. ५ हेक्टरपर्यंत महापालिकेला ३३ टक्के, म्हाडाला २७ टक्के आणि मालकाला ४० टक्के. ५ ते १० हेक्टरमध्ये ३३, ३४ आणि ३३. १० हेक्टरच्या वर ३३, ३७ आणि ३०. पहिल्या ओळीत ‘५ हेक्टर धरून’ असा स्पष्ट उल्लेख होता. हे दोन शब्द नसते, तर बरोबर ५ हेक्टरच्या गिरणीत म्हाडाचा वाटा २७ टक्के की ३४, यावर आणखी एक वाद उभा राहिला असता.

कोडमध्ये हे कोष्टक असं येईल:

जर क्षेत्र <= ५
    म्हाडाचा_वाटा = २७
नाहीतर जर क्षेत्र <= १०
    म्हाडाचा_वाटा = ३४
नाहीतर
    म्हाडाचा_वाटा = ३७

इथे तीन गोष्टी पाळल्या आहेत. पायऱ्या लहानाकडून मोठ्याकडे जातात. प्रत्येक पायरीवर एकच चिन्ह वापरलंय, कधी ‘<’ आणि कधी ‘<=’ असं नाही. आणि शेवटी ‘नाहीतर’ आहे, म्हणून कोणतीही जमीन कोष्टकाबाहेर राहत नाही. पायऱ्यांचा क्रम उलटा झाला आणि आधी ‘१० पर्यंत का?’ असं विचारलं, तर ३ हेक्टरची गिरणीही तिथेच अडकेल आणि ‘५ पर्यंत’ची पायरी कधीच गाठली जाणार नाही.

संकेत तिसरा : ‘आणि’ व ‘किंवा’ एकत्र आले की कंस द्या

बोलताना आपण सहज म्हणतो, ‘कामगार किंवा वारस आणि ओळख पटलेली असावी.’ ऐकणाऱ्याला कळतं की, ओळख दोघांचीही पटायला हवी. कॉम्प्युटरला मात्र तसं कळत नाही.

सी, जावा, पायथन अशा बहुतेक भाषांमध्ये ‘आणि’ आधी सोडवला जातो, ‘किंवा’ नंतर. गणितात बेरजेआधी गुणाकार करतात, तसंच. त्यामुळे,

जर कामगार_आहे किंवा वारस_आहे आणि ओळख_पटली

याचा कॉम्प्युटरने घेतलेला अर्थ असा: कामगार असेल तर झालंच, ओळख पाहायचीच गरज नाही. फक्त वारस असेल तर ओळख पाहा. म्हणजे ‘मी कामगार आहे’ असं अर्जावर लिहिलं की पुढचा दरवाजा उघडा. यावर उपाय अगदी साधा आहे:

जर (कामगार_आहे किंवा वारस_आहे) आणि ओळख_पटली

भाषेचा क्रम पाठ असला तरी कंस द्यावा, असं अनुभवी प्रोग्रामर सांगतात. कारण कोड वाचणाऱ्या पुढच्या माणसाला तो क्रम पाठ असेलच असं नाही. शिवाय कंस पाहिल्यावर, लिहिणाऱ्याने हा विचार करून लिहिलंय याची खात्रीही पटते.

संकेत चौथा : नकारावर नकार नको

‘वारस अपात्र नसल्यास अर्ज नामंजूर करू नये.’ हे वाक्य बरोबर आहे, पण एका वाचनात कळत नाही. सरकारी परिपत्रकं वाचणाऱ्यांना याची सवय असते. कोडमध्ये ही सवय महागात पडते.

जर नाही(अपात्र_आहे)

याऐवजी

जर पात्र_आहे

असं लिहिलं की डोक्यावरचा भार कमी होतो. व्हेरिएबलचं नाव शक्यतो होकारार्थी ठेवावं, हा संकेत त्यातूनच आला.

‘जर’ आणि ‘नाहीतर’ दोन्ही असतील तर होकारार्थी बाजू आधी घ्यावी, असंही अनेक जण मानतात. आणि उत्तर आधीच हो किंवा नाही असं असेल, तर ‘पात्र_आहे == खरं’ अशी तुलना पुन्हा करू नये. पायथन भाषेची ‘पेप ८’ ही लेखनसंहिता २००१ पासून आहे. त्यातही हा सल्ला दिलेला आहे.

नकार सोडवताना गणिताची मदत होते. ‘कागदपत्रं आणि ओळख दोन्ही आहेत, असं नाही’ याचा अर्थ ‘कागदपत्रं नाहीत किंवा ओळख नाही’. नकार आत नेला की ‘आणि’चा ‘किंवा’ होतो आणि ‘किंवा’चा ‘आणि’. हे नियम ज्यांच्या नावाने ओळखले जातात ते गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये मदुराईचा. घाईत नकार आत नेताना ‘आणि’ तसाच ठेवणं, ही आजही नेहमी सापडणारी चूक आहे.

संकेत पाचवा : अटीच्या पोटात अट भरू नका

चाळीत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, तिथून माळ्यावर, असं जावं लागलं की परत यायची वाट लक्षात ठेवावी लागते. कोडचंही तसंच होतं:

जर अर्ज_मुदतीत_आला
    जर कामगार_आहे किंवा वारस_आहे
        जर ओळख_पटली
            परत दे ‘पात्र’
        नाहीतर
            परत दे ‘नामंजूर’
    नाहीतर
        परत दे ‘नामंजूर’
नाहीतर
    परत दे ‘नामंजूर’

शेवटचं ‘नाहीतर’ नेमकं कोणत्या ‘जर’चं, हे शोधायला बोट ठेवून वर जावं लागतं. लिनक्सच्या कर्नलसाठीच्या लेखनसंहितेत तर कोड तीन पातळ्यांपेक्षा आत जात असेल, तर मूळ प्रोग्रामच दुरुस्त करा, असं बजावलं आहे.

पर्याय असा की, जी कारणं अर्ज थांबवतात ती आधीच दारात तपासायची. याला ‘गार्ड क्लॉज’ म्हणतात. इमारतीच्या गेटवरचा वॉचमन करतो तसंच हे काम आहे.

जर नाही(अर्ज_मुदतीत_आला)
    परत दे ‘नामंजूर: अर्ज मुदतीनंतर आला’

जर नाही(कामगार_आहे किंवा वारस_आहे)
    परत दे ‘नामंजूर: कामगार किंवा वारस असल्याची नोंद नाही’

जर नाही(ओळख_पटली)
    परत दे ‘नामंजूर: ओळख पटली नाही’

परत दे ‘पात्र’

इथे ‘नाही’ आलंय, पण एकदाच आणि ठरवून. प्रत्येक अट स्वतंत्र आहे आणि सरळ वरून खाली वाचता येते. मुख्य म्हणजे आधीच्या नमुन्यात तिन्ही ठिकाणी नुसतं ‘नामंजूर’ होतं. इथे प्रत्येक नकाराला स्वतःचं कारण आहे.

यावर सगळ्यांचं एकमत मात्र नाही. मोटारींच्या सॉफ्टवेअरसाठी सुरुवातीला तयार झालेली ‘मिस्रा सी’ ही संहिता फंक्शनमधून बाहेर पडायची जागा शक्यतो एकच आणि शेवटी असावी, असं सुचवते. मधूनच बाहेर पडलं तर शेवटी करायचं आवराआवरीचं काम राहून जाऊ शकतं, हे त्यामागचं एक कारण. त्यामुळे टीमने कोणता संकेत निवडला यापेक्षा, सगळे एकच संकेत पाळतात का, हे जास्त महत्त्वाचं.

संकेत सहावा : एका ओळीची अट असली तरी कंस उघडा आणि मिटवा

सीसारख्या भाषांमध्ये ‘जर’नंतर एकच ओळ असेल तर महिरपी कंस नाही दिले तरी चालतं. पण नंतर कोणीतरी खाली आणखी एक ओळ लिहितं. ती आत सरकवलेली असते, म्हणून अटीतलीच वाटते. प्रत्यक्षात ती अटीच्या बाहेर असते आणि प्रत्येक वेळी चालते.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला तातडीने आयफोनसाठी सुधारित आवृत्ती आणावी लागली, त्यामागे अशीच चूक होती. सुरक्षित वेबसाइटची ओळख तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ एकाखाली एक दोनदा आली होती. पहिली अटीतली होती. दुसरीला कोणतीच अट लागू नव्हती. त्यामुळे पुढची सही तपासण्याआधीच प्रोग्राम बाहेर उडी मारायचा, आणि तोपर्यंत काही चुकलेलं नसल्यामुळे ‘सगळं ठीक’ असं सांगायचा. बनावट वेबसाइट खरी म्हणून पुढे येण्याचा धोका त्यातून तयार झाला.

गूगलच्या जावा लेखनसंहितेत म्हणूनच आत एकच ओळ असली, किंवा काहीच नसलं, तरी कंस सक्तीचे आहेत.

मग स्पष्ट अट म्हणजे न्याय्य अट का?

नाही. २००६ च्या निकालानंतर ‘मोकळी जमीन’ या शब्दाचा अर्थ पक्का झाला. पण त्या अर्थामुळे शहराच्या आणि कामगारांच्या घरांच्या वाट्याला कमी जमीन आली, हा आक्षेप संपला नाही. अट कशी लिहायची हे प्रोग्रामरच्या हातात असतं. अट कोणती असावी, हे सहसा नसतं.

तरी स्पष्ट लिहिण्याचा एक मोठा फायदा आहे. नियमातली पळवाट किंवा अन्याय त्यात झाकला जात नाही. ‘पाडकामाआधीच_रिकामी_होती’ असं लिहिलेलं पाहिल्यावर नियम काय करतो हे कोणालाही दिसतं आणि ‘हे असंच हवंय का?’ असं विचारता येतं. ‘मोकळी_आहे’ या नावात हा प्रश्न लपून राहतो.

आज घराची सोडत, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, कर्ज अशा अनेक अर्जांची पहिली छाननी कॉम्प्युटर करतो. खिडकीवरच्या माणसाला ‘माझा अर्ज का नाकारला?’ असं विचारलं, तर तोही स्क्रीनकडेच पाहतो. स्क्रीनवर नुसतं ‘नामंजूर’ दिसत असेल तर पुढे काय करायचं हे अर्जदाराला कळत नाही. ‘हजेरीपटाची नोंद जुळत नाही’ असं दिसलं, तर तो जुनं तिकीट, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा कागद शोधून पुन्हा येऊ शकतो.

म्हणून अट लिहून झाल्यावर प्रोग्रामरने स्वतःला एक प्रश्न विचारावा. या अटीवर ज्याला नकार मिळेल, त्याला नकाराचं कारण एका वाक्यात सांगता येईल का? येत नसेल, तर कोड चालत असला तरी ती अट अजून नीट लिहून झालेली नाही.